एकतीस पानांचं ब्लॅक बुक

डॉ. कारभारी बोरस्ते पुस्तक आधी तोलत आणि मग, वेळ उरलाच तर, उघडत. एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या सत्रात पोरं आपापलं ब्लॅक बुक, म्हणजे काळ्या पुठ्ठ्यात बांधलेला आणि सोनेरी अक्षरांचा प्रकल्प अहवाल, घेऊन एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुख बोरस्ते सरांच्या, केबिनबाहेर रांग लावत. सर चष्मा कपाळावर सारत, पुस्तक उजव्या तळहातावर घेत, बाजारात पपई घ्यावी तसं दोनदा वरखाली करत आणि म्हणत, "हं. मेहनत दिसतेय."

त्या दिवशी संतोष नवलेचं पुस्तक सरांना दोन्ही हातांनी उचलावं लागलं. त्याला बसायला खुर्ची मिळाली. त्याच्या मागे संजना गांगुर्डे उभी होती. तिचं पुस्तक तळहातावर आलं आणि सरांचा हात तसाच थांबला, मागून अजून काही येतंय का याची वाट बघत.

"बाकीचं कुठंय?"

"एवढंच आहे, सर."

"हा पहिला खंड का?"

"नाही सर. संपूर्ण."

सरांनी थेट शेवटचं पान काढलं आणि खालचा आकडा पाहिला. एकतीस.

"गांगुर्डे, विभागाची पॉलिसी माहीत आहे ना? किमान ऐंशी पानं. त्याच्या आत बुक घेतलं जात नाही. बुक नाही तर व्हायवा नाही. व्हायवा नाही तर..."

पुढचं त्यांनी पंख्याकडे बघून सोडून दिलं. सगळ्या वर्गाला ते पाठच होतं. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, नाही तर पदवी नाही, पुढच्या वर्षी पुन्हा याच रांगेत.

"गुरुवारी एक्स्टर्नल परीक्षक येतायत," सर पुस्तक परत देत म्हणाले, "तोवर पन्नास पानं काय जड आहेत? तुमची पिढी तर कॉपी-पेस्टमध्ये जन्मलेली."

पोरगी आळशी असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण आळशी पोरांची पुस्तकं त्या विभागात सगळ्यात जाड असत. संजनाचं पुस्तक पातळ होतं ते वर्षभर राबल्यामुळे.

विभागात 'हजेरीदीप' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. खुद्द बोरस्ते सरांनी तरुणपणी, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते लिहिलेलं. कॉलेजातल्या पोरांची हजेरी मोजायची आणि पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली कोण घसरलं त्यांची नावं काढायची, एवढंच त्याचं मूळ काम. नाव आलं की परीक्षेचा फॉर्म अडायचा, त्यामुळे सगळं कॉलेज त्याला वचकून असे. पण पुढे दर बॅचने त्यात आपापली भर घातली. कुणी पालकांना मेसेज जोडले, कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणी सरकतं 'सुस्वागतम्'. एका बॅचने तर प्राचार्यांचा फोटो उघडझाप करायला लावला. भर घालायची म्हणजे प्रोजेक्ट झाला, आणि आधीच्याचं काही काढलं तर सिनिअरचा अपमान झाला, अशी रीतच पडलेली. लग्नात आहेर आलेल्या भिंतीवरच्या घड्याळांसारखं ते वाढत गेलं, कुणी लावेना आणि कुणी टाकेना. शेवटी हजेरीदीपला महिन्याची हजेरी मोजायला बसवलं की तो सकाळच्या पहिल्या तासाला बसायचा तो दुपारच्या चहाला उठायचा.

संजनाने प्रोजेक्टचा विषयच असा घेतला: हजेरीदीपमधून काय काय काढता येईल. तिचे गाईड नवनाथ शेवाळे सर यांना वाटलं, घाईत 'काय काय वाढवता येईल' ऐवजी चुकून पडलं असेल. त्यांनी सही केली.

मग ती वर्षभर काढत बसली. एक गोष्ट काढायची, जुनी हजेरी पुन्हा मोजायची, आधीच्या निकालाशी ताडून बघायची, जुळलं तर पुढची काढायची. काही जुळलं नाही की आठवडा जायचा. असं करत करत हजारो ओळींचं ते भारूड नऊ पानांवर आलं. कळ दाबून बोट उचलायच्या आत महिन्याची हजेरी तयार. राहिलेल्या बावीस पानांत काय काढलं, का काढलं आणि काढल्यावर काही बिघडलं नाही ते दाखवणारे पुरावे. त्यापुढे सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं, म्हणून ती थांबली. एवढाच तिचा गुन्हा.

कॅन्टीनमध्ये संतोषने तिला समोर बसवलं. त्याच्या जिभेवर पॉलिसी आणि कटिंग चहा दोन्ही एकदम खेळत.

"हे बघ संजने, पहिलं चॅप्टर 'कॉम्प्युटर म्हणजे काय'. मणी मोजायच्या पाटीपासून सुरू करायचं, बारा पानं आरामात जातात. मग विंडोजचा इतिहास. मग स्क्रीनशॉट. एका पानावर एक, मोठ्ठा. मग आभार. माझे आभार चार पानं आहेत."

"चार पानं कुणाकुणाचे मानलेस?"

"आमच्या घरमालकांचे पण मानलेत. वाय-फाय त्यांचं होतं."

"आणि चोरी पकडायचं सॉफ्टवेअर? दहा टक्क्यांच्या वर सापडलं की बुक परत, ती पण पॉलिसीच आहे ना?"

"त्याच्यावर दुसरं सॉफ्टवेअर असतं, येडे. ते शब्द फिरवून देतं, मग पहिल्याला ओळखू येत नाही." संतोषने अभिमानाने आपलं पुस्तक उघडलं. त्या यंत्राने 'क्लाउड कॉम्प्युटिंग'चं जे इंग्रजी केलं होतं, ते मराठीत सांगायचं तर 'ढगाळ हवामानातील आकडेमोड' असं होत होतं. आणि हे शीर्षक होतं.

"तू हे वाचलंस का?"

"मी? अगं, एक्स्टर्नल वाचत नाहीत, मी कशाला वाचू!"

नवनाथ सर शेजारच्या टेबलावर पोहे खात होते. हे तासिका तत्त्वावरचे मास्तर. जेवढे तास तेवढा पगार, आणि पुढचे तास मिळणार की नाही ते दर जूनमध्ये बोरस्ते सर ठरवणार. त्यामुळे 'हो' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द त्यांनी बोलण्यातून काढून टाकले होते.

"गांगुर्डे," ते पोह्यांकडे बघत म्हणाले, "संतोष म्हणतो तसं कर असं मी म्हणत नाही. करू नको असंही म्हणत नाही."

"सर, तुम्ही माझं वाचलंत का?"

"दोनदा."

"कसं आहे?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काढायला काही उरलं नाही त्याच्यात."

वर्षभरात तिला मिळालेली ती पहिली शाबासकी. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाईड म्हणून पुस्तकातल्या प्रमाणपत्रावर सही केली, ती सुद्धा इतकी बारीक की मुंगीने पाय पुसल्यासारखी वाटावी. पण केली.

एचओडींच्या सहीची जागा मात्र कोरीच होती. संजना विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेली.

"सर, यात अहवालाला किती मार्क ते आहे. काय काय असावं ते आहे. पानं किती ते कुठंच नाही. ऐंशीचं कुठे लिहिलंय?"

"पॉलिसी लिहायची नसते गांगुर्डे, पाळायची असते."

"पण आली कुठून, सर?"

बोरस्ते सर तसे चिडके नव्हते, आणि आपल्या विभागाच्या शिस्तीबद्दल कुणी विचारलं की त्यांना बरंच वाटे. ते खुर्चीतून उठले आणि मागचं काचेचं कपाट दाखवलं. आत बॅचवार काळी पुस्तकं उभी होती, प्रत्येकाच्या कण्यावर सोनेरी नाव आणि साल.

"आधी पोरं वाटेल तसलं आणायची. तपासणी समिती आली, कपाट उघडलं, निम्म्या पुस्तकांवर नावच नाही. कुणाचं कुठलं कळेना. मी बायंडरला झापलं. तो म्हणाला, सर, ऐंशी पानांच्या खाली पुस्तक इतकं बारीक होतं की कण्यावर माझी अक्षरं बसत नाहीत. तेव्हापासून ऐंशी. एकदाही सूट नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते सरांच्या थोडं उशिरा ध्यानात आलं.

"म्हणजे सर, हे बायंडरच्या अक्षरांच्या मापाचं आहे?"

"ते सुरुवातीला. आता ती पॉलिसी आहे."

"मग माझ्या कण्यावर नाव नको. मी पुढच्या पुठ्ठ्यावर दोनदा टाकते."

"गांगुर्डे!" सरांनी कपाट लावलं. "एकीला सूट दिली की उद्या सगळे पंधरा-पंधरा पानं घेऊन येतील."

"येऊ द्या ना, सर. पंधरा पानं तर वाचता येतील."

हे बोलायला नको होतं. तिलाही ते केबिनच्या बाहेर आल्यावर कळलं, पण परत घ्यावं असं काही वाटलं नाही.

संध्याकाळी बसने देवळाली कॅम्पला घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचलेली. संतोषचा तिच्या वडिलांना फोन करून झाला होता. धम्मपाल गांगुर्डे लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर. गणवेश, बूट, ताडपत्र्या यांच्या राशीत त्यांचं आयुष्य गेलं. भांडण हा प्रकार त्यांना पटत नसे. त्यात माणूस खर्ची पडतो आणि जमा काही होत नाही असं त्यांचं मत.

"संजू, पन्नास पानांसाठी वर्ष घालवती का?"

"पप्पा, तुमच्या पेट्यांत बूट कमी भरले आणि वजनासाठी खाली दगड टाकले, तर चालेल?"

"माझी नोकरी जाईल."

"मग?"

"अगं, तिथं मोजणाऱ्याला बूट पाहिजे असतात. तुझ्या मोजणाऱ्याला दगडच पाहिजेत. दे की त्याला दगड!"

"मी वर्षभर दगडच काढत होते, पप्पा. आता परत भरू?"

"शिकवायला पाठवलं न् पोरगी वकील झाली," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. धम्मपाल हसले नाहीत. आपल्या घरातली पहिली एम.एस्सी. आणि ती एका बायंडरच्या ठशापायी अडणार, हे त्यांना खुपत होतं. ते पायात चपला सरकवून बाजाराकडे निघून गेले. कुठे चालले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी कॉलेजात पोचल्यावर संजनाने बॅगेत हात घातला आणि हाताला एक जाड गठ्ठा लागला. कॉम्प्युटरचा इतिहास. जन्मापासून आजपर्यंत, रंगीत चित्रांसह, बरोबर पन्नास पानं, कॅम्पातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेली आणि कडेला भोकं पाडून, दोरा ओवून तयार. वर पप्पांच्या अक्षरात चिठ्ठी: 'नुसतं जोडायचं.'

ती पायरीवर बसली. राग यावा तर माणूस समोर नाही आणि रडावं तर रांग समोर. दोरा पुढे होताच. गाठ मारायला पाच मिनिटं पुरली असती, वर्ष वाचलं असतं, पप्पा रात्री शांत जेवले असते. तिने गठ्ठा पुन्हा बॅगेत सारला आणि चेन लावली.

लॅबच्या दारात बोरस्ते सर स्वतः उभे होते. आत एक्स्टर्नल, धुळ्याहून आलेल्या डॉ. अंजली आहेर, मिसळीची प्लेट बाजूला सारून हात पुसत होत्या.

"पानं?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

"एकतीस, सर."

"मग तू आत येऊ शकत नाहीस."

मागची रांग ऐकायला पुढे सरकली. नवनाथ सरांनी भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला घेतलं.

"ठीक आहे, सर," संजना म्हणाली. आवाज जरा चिरकला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "ठीक आहे. फक्त तेवढं लिहून द्या. संजना धम्मपाल गांगुर्डे हिला व्हायवाला बसू दिलं नाही, कारण पानं एकतीस भरली. खाली तुमची सही आणि विभागाचा शिक्का."

"देतो की!" सर म्हणाले. खिशातून पेन निघालं. हजेरीच्या कोऱ्या कागदावर त्यांनी 'असे कळविण्यात येते की' इथपर्यंत झपाट्याने लिहिलं. मग 'नियम क्रमांक' लिहिलं आणि पेन थांबलं.

पेन थांबलेला माणूस बघण्यासारखा असतो. बोरस्ते सरांनी कागदाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. विद्यापीठातून कुणी विचारलंच, की हा कुठला नियम, तर उत्तरात बायंडरचं नाव घालावं लागणार होतं.

"काय झालं, बोरस्ते सर?" आतून आहेर मॅडमचा आवाज आला.

"काही नाही मॅडम. जरा औपचारिकता." कागदाच्या चार घड्या होऊन तो खिशात गेला. "जा आत. विशेष बाब म्हणून."

"विशेष बाब म्हणून नको सर, मला..."

"जा गं बाई आत!"

आहेर मॅडमनी पुस्तक हातात घेतलं. पातळ बघून त्यांच्याही भुवया वर गेल्या. मग बहुधा त्यांना वाटलं असावं की हे वाचून होण्यासारखं आहे, आणि त्या वाचायलाच बसल्या. सकाळपासून त्या लॅबमध्ये असं घडलं नव्हतं. चहा आला, त्यावर साय धरली, मॅडम पान उलटत राहिल्या.

मग प्रश्न सुरू झाले. हे का काढलं? काढलं तर उशिरा येणाऱ्यांची हजेरी कशी मोजतेस? सुट्टी मध्येच जाहीर झाली तर? संजना उत्तरं देत गेली. एकदा अडली, तेव्हा "हे मी तपासलेलं नाही" असं सरळ म्हणाली. दोन कॉम्प्युटर शेजारी लावून दाखवलं. नव्यावर कळ दाबली, निकाल आला. जुन्यावर कळ दाबली, प्राचार्यांचा फोटो उघडझाप करू लागला.

मॅडम तोंडावर रुमाल धरून हसल्या. मग कोडच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा तुकडा फार सुंदर आहे. इतक्या थोडक्यात इतकं! हा कसा सुचला?"

"तो माझा नाही, मॅडम. सरांचा आहे. सगळ्यात पहिला, मूळचा. वरची भर काढत काढत खाली गेले तेव्हा सापडला. त्यात काढण्यासारखं काहीच नव्हतं."

बोरस्ते सर खुर्ची ओढून पुढे आले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. बऱ्याच वर्षांनी त्यांनी पुस्तकाचं मधलं पान वाचलं असेल. सरांचे ओठ हलत होते, जुना मित्र भेटल्यावर त्याचं नाव आठवताना हलावेत तसे.

"हे मी दोन कॉम्प्युटरवर लिहिलं होतं," ते म्हणाले. "एक बंद असायचा."

आता सगळं गोड होणार असं लॅबमधल्या प्रत्येकाला वाटलं. नवनाथ सरांनी तर वेळापत्रक वाचायचं थांबवून आत डोकावलं. मॅडमनी आपले मार्क भरले, भरघोस भरले, आणि कागद सरांकडे सरकवला.

सरांनी खाकरून घसा साफ केला. "काम चांगलं आहे. मी नाकारत नाही. आता एवढंच कर, पन्नास पानं नंतर जोडून दे. कपाटापुरती. कुणी उघडून बघणार नाही. मी पूर्ण मार्क देतो."

"हो गं, देऊन टाक," आहेर मॅडम म्हणाल्या. "तुझं काय जातंय?"

बॅग मांडीवरच होती आणि गठ्ठा आतून पोटाला टोचत होता.

"नाही, सर."

"आता काय?"

"मॅडमनी एकतीस पानं वाचली आणि त्यांना मार्क दिले. कपाटात एक्क्याऐंशी ठेवली तर ते मार्क कुठल्या पुस्तकाचे?"

"गांगुर्डे, सादरीकरणाचे मार्क माझ्याकडे आहेत."

"माहीत आहे, सर."

"डिस्टिंक्शन जाईल."

"जाऊ द्या."

"सबंध वर्ग बघतोय म्हणून ताठली आहेस. घरी जाऊन विचार कर."

"घरून विचार करूनच पाठवलंय, सर," ती म्हणाली, आणि बॅगेवरचा हात तिने काढला नाही.

यावेळी पेन अडलं नाही. या रकान्यात नियम क्रमांक विचारत नाहीत, नुसता आकडा विचारतात. सरांनी तो लिहिला. पास होण्यापुरता होता, त्याहून एक दाणा जास्त नव्हता. कागद तिच्यापुढे आला. तिने आकडा पाहिला आणि पाहिल्याची म्हणून खाली स्वच्छ, मोठ्या अक्षरात सही केली. मग पुस्तक उघडून एचओडींच्या सहीची कोरी जागा सरांपुढे धरली. मार्क दिल्यावर सही नाकारायची सोय उरली नव्हती. सरांनी केली.

"पश्चात्ताप होईल तुला," ते टोपण लावत म्हणाले.

"झाला तर लेखी कळवीन, सर."

आहेर मॅडमना अचानक खोकला आला. संजनाने एकतीस पानांचं पुस्तक टेबलावर बाकीच्या पुस्तकांच्या सगळ्यात वर ठेवलं, दाराशी आली आणि बाहेरच्या रांगेला म्हणाली, "संतोष नवले, चल. तुला बोलावतायत. आणि मॅडम वाचतायत बरं का."